जुन्या कचराडेपोतून रस्ता काढताना

सोलापूर जिल्ह्यातील एका लहान नगरपरिषदेत मी स्थापत्य अभियंता म्हणून काम करते. शहराच्या उत्तरेला ओढ्याच्या कडेने जाणारा १८ मीटर रुंदीचा विकास योजना रस्ता माझ्याकडे आला, तेव्हा कागदावर ते साधे खडीकरण-डांबरीकरणाचे काम होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीबीआर चाचणीच्या (रस्त्याखालची माती किती भार पेलेल ते पाहण्याच्या) नमुन्यांसाठी जेसीबीने खड्डे घेतले आणि दीड-दोन फूट मुरमाखाली काळपट भिजलेले प्लॅस्टिक, चिंध्या व काचा निघू लागल्या. रस्त्याचा सुमारे दोनशे मीटरचा पट्टा जुन्या कचराडेपोवर होता आणि विकास योजनेच्या नकाशात तिथे फक्त मोकळी जागा दाखवलेली होती. असे काम अंगावर आलेल्या अभियंत्यांना हाताशी धरायला फारसे काही मिळत नाही, म्हणून घडले तसे क्रमाने लिहीत आहे.

ठेकेदाराची पहिली सूचना अपेक्षित होती: वरून आणखी अर्धा मीटर मुरूम टाकू, दबाई करू आणि पुढे जाऊ. त्यात त्याचा वाईट हेतू होता असे मला वाटत नाही, कारण अनेक ठिकाणी असेच झालेले आहे. मात्र कचरा कुजत राहतो तसतसा खचतो, तोही सगळीकडे सारखा नाही, आणि वरचे डांबर दोन पावसाळ्यांत लाटांसारखे वर-खाली होते. रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांतील ३०५ क्रमांकाच्या कलमात भरावाला अयोग्य ठरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तीत कुजणारा माल व आपोआप पेट घेऊ शकणारा माल हे दोन्ही येतात. मुख्याधिकाऱ्यांसमोर मी ते पान ठेवले आणि तो विषय तिथेच मिटला.

रस्त्याची आखणी बदलायची तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ नुसार फेरबदलाची प्रक्रिया करावी लागली असती, आणि बदललेल्या आखणीत लोकांची घरे येत होती. कचऱ्याची खोली सरासरी तीन मीटर असल्याने तो उचलणे आवाक्यातले होते. दोनशे मीटर लांबी, बाजूच्या उतारांसह बावीस मीटर रुंदी आणि तीन मीटर खोली धरली की सुमारे तेरा हजार घनमीटर माल होतो. खोली आठ-दहा मीटर असती तर मी पाइल (जमिनीत खोलवर जाणारे काँक्रीटचे खांब) घेऊन वरून स्लॅब टाकण्याचा विचार केला असता, हे इथे नमूद करते, कारण खोदणे हा प्रत्येक ठिकाणचा उपाय नव्हे.

पुढचे तीन महिने आम्ही जवळजवळ काहीच खोदले नाही आणि माझ्या मते सगळ्या कामातला हाच काळ सर्वांत उपयोगी ठरला. गूगल अर्थवर जुन्या तारखांची छायाचित्रे पाहता येतात, त्यावरून कचरा कोणत्या बाजूने पसरत गेला ते कळले. आरोग्य विभागाच्या जुन्या डिझेल नोंदवह्यांतून गाड्या तिथे कधीपर्यंत जात होत्या ते समजले. खरी माहिती मात्र निवृत्त मुकादमांनी दिली. त्यांना मी घरून जागेवर घेऊन गेले. ते काठी टेकत पट्टाभर फिरले आणि म्हणाले, “मॅडम, ह्या अंगाला दवाखान्याचं पडायचं, तिकडं पाडलेल्या घरांचा राडारोडा, आन् ओढ्याकडनं मेलेली जनावरं. मधी सगळा बाजाराचा कचरा.” त्यांच्याबरोबर आलेल्या, तिथेच पूर्वी भंगार वेचणाऱ्या एका मावशींनी दवाखान्याची जागा आणखी दहा पावले ओढ्याकडे सरकवली. दोघांनी दाखवलेल्या जागांवर आम्ही चुन्याने खुणा केल्या आणि नकाशावर चढवल्या. पुढे खोदकामात त्या खुणांत फारसा फरक पडला नाही.

त्यानंतर वायूची तपासणी केली. कचऱ्यात हवा पोहोचत नाही तिथे मिथेन तयार होतो आणि हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगी पुरते. आम्ही भोके पाडलेले पीव्हीसी पाइप कचऱ्यात उभे गाडले, भोवती खडी भरली, वरचे तोंड बेंटोनाइटने (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीने) बंद केले आणि झाकणाला छोटा कॉक बसवला. मिथेन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन मोजणारे चार वायूंचे मीटर पन्नास-साठ हजारांच्या घरात मिळाले. ते भाड्यानेही मिळते, पण काम लांबणार हे दिसत असल्याने आम्ही विकत घेतले. एक बारकावा सांगते: हवेचा दाब उतरत असतो तेव्हा जमिनीतून वायू जास्त बाहेर येतो, त्यामुळे एका दिवसाच्या वाचनावर विसंबून राहू नये, वेगवेगळ्या वेळी आणि ढगाळ दिवशीही वाचन घ्यावे. आमच्याकडे मधल्या बाजारकचऱ्याच्या भागात मिथेन भरपूर निघाला, कडेला नगण्य.

नमुने प्रयोगशाळेत पाठवताना फक्त माती म्हणून पाठवू नका. आम्ही जड धातू, सेंद्रिय अंश, ओलावा आणि वेगळ्या केलेल्या प्लॅस्टिक-कापडाचे उष्मांक मूल्य (जाळल्यावर मिळणारी उष्णता), एवढे सगळे मागितले. एका नमुन्याला काही हजार रुपये खर्च आला आणि अहवाल हाती यायला महिन्याहून अधिक काळ गेला. धातूंचे आकडे घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतील दुसऱ्या अनुसूचीतील मर्यादांशी ताडून पाहिले. ते मर्यादेच्या आत आल्याने बहुतेक माल साधा जुना कचरा म्हणून हाताळता येणार होता.

मग आले कागद, आणि त्यात २०२३ हे जवळजवळ सगळे वर्ष गेले. मूळ अंदाजपत्रकात ही बाब नसल्याने सुधारित अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, अशा पायऱ्या चढाव्या लागल्या. नगरपरिषदेवर तेव्हा प्रशासक असल्याने सभेचा ठराव लवकर झाला, पण दरसूचीत जुना कचरा खोदण्याची बाबच सापडत नसल्याने दर-विश्लेषण करावे लागले आणि फाइल शंका घेऊन परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. ज्या टिपणीने शेवटी गाडी पुढे सरकली, तिला घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या फेब्रुवारी २०१९ च्या जुन्या कचऱ्याविषयीच्या मार्गदर्शक सूचना जोडलेल्या होत्या. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आम्ही काम सुरू होण्याआधीच पत्र, नकाशा आणि प्रयोगशाळेचे अहवाल दिले. बायोमायनिंगचा, म्हणजे जुना कचरा खोदून, वाळवून आणि चाळून वेगळा करण्याचा, दर टनाला साडेपाचशे रुपयांच्या आसपास आला. खोदलेल्या जागी मुरमाचा भराव, बाजूचे अस्तर, पाण्याचे टँकर आणि सुरक्षेचे साहित्य त्याव्यतिरिक्त होते. रस्ता मंजूर झाल्याचा फलक लागून वर्ष उलटले तरी जागेवर काही हालचाल नाही, हे पाहून रोज कोणीतरी विचारत असे, आणि अजून कागद चालू आहेत, हे सांगताना मला संकोच वाटत असे.

डिसेंबर २०२३ मध्ये खोदकाम सुरू होण्यापूर्वी ग्रामीण रुग्णालयात सर्व कामगारांना धनुर्वाताची लस दिली. हिपॅटायटिस बीच्या लसीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, त्यामुळे ती कार्यादेशाची (काम सुरू करण्याच्या लेखी आदेशाची) वाट न पाहता आधीच सुरू करावी. तळव्यात पोलादी पत्रा असलेले बूट, जाड हातमोजे, चष्मे आणि एन-९५ मास्क दिले. हा मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही, हे समजावून सांगायला अर्धा तास लागला तरी तो वेळ द्यावा. सर्वांत अवघड गेले ते तंबाखूचे. कचऱ्यात हात घालून आलेला माणूस डाव्या तळहातावर तंबाखू-चुना मळतो, अंगठ्याने चोळतो, वरची धूळ थापटून उडवतो आणि चिमूट ओठात सरकवतो. त्या तळहाताच्या रेषांत काय बसलेले आहे ते त्याला दिसत नाही. नुसती बंदी पाळली जाईना. शेवटी खोदकामाच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, नळ, साबण आणि बाकडे असलेली जागा करून दिली आणि तंबाखूच्या पुड्या तिथल्या पेटीतच ठेवायच्या असे ठरले, तेव्हा हात धुणे सुरू झाले. विडी-काडीची पेटी मात्र फाटकावरच जमा होत असे.

खोदताना आमचा मुख्य नियम एकच होता: संध्याकाळी जेवढे झाकता येईल तेवढेच सकाळी उघडायचे. पंधरा-वीस मीटरचे तोंड उघडून पोकलेनने एकेक मीटरचा थर काढायचा, कडा उभ्या न ठेवता उतार द्यायचा आणि काम थांबताना उघड्या भागावर मातीचा पातळ थर व ताडपत्री टाकायची. यामुळे वास, माश्या, मोकाट कुत्री आणि आग या चारही गोष्टी बऱ्याच आवाक्यात राहिल्या. खड्ड्यात कोणीही उतरायचे नाही. नमुना हवा असेल तर बकेटमधून वर घ्यायचा. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड हे हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचतात, त्यामुळे वर मोकळे वाटले म्हणजे खाली सुरक्षित असते असे नाही. पोकलेनच्या केबिनमध्ये एक मीटर कायम अडकवलेले असे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला किंवा मिथेन अर्ध्या टक्क्याच्या वर गेला की यंत्र मागे घ्यायचे, असे लिहून केबिनच्या काचेवर चिकटवले होते.

जानेवारीच्या थंडीत सकाळी पहिली बकेट उचलली की मधल्या भागातून वाफ निघत असे. आत अजून उष्णता होती. तिथे वरचा थर प्लॅस्टिक पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्यांचा. त्याखाली कापड, चपला, नारळाच्या करवंट्या. आणि अगदी तळाला राख व काळी भुसभुशीत माती, जिच्यात प्लॅस्टिक फारसे नव्हतेच. एकदा काढलेल्या ढिगातून धूर दिसला. अशा वेळी टँकरचा पाइप घेऊन धावण्याची सर्वांची प्रवृत्ती असते, पण नुसते पाणी वरून वाहून जाते आणि आत धग राहते. आम्ही ढीग पोकलेनने पसरवला, मग भिजवला आणि मातीने झाकला. त्यासाठी खोदकामाजवळ मुरमाचा एक ढीग नेहमी राखून ठेवलेला असावा.

मीटरचा गजर सर्वांत जोरात वाजला तो मात्र बाजारकचऱ्याच्या भागात नव्हे, तर ज्या राडारोड्याला आम्ही निरुपद्रवी समजत होतो त्या बाजूला. पाडलेल्या घरांतील पीओपीच्या छताचे पांढरे तुकडे तिथे ओल्या कचऱ्यात मिसळून दाबले गेले होते. पीओपी म्हणजे जिप्सम, आणि जिप्सममध्ये सल्फेट असते. पाणी आहे, कुजणारा माल आहे आणि हवा नाही, अशा जागी जिवाणू त्या सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. मीटरने १० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) मर्यादा ओलांडली, तेव्हा चालकाला सडक्या अंड्यांचा उग्र वास येत होता. थोड्या वेळाने त्याने हाताने खूण केली की आता वास गेला. याच क्षणाला घाबरावे, कारण हा वायू वाढला की नाकाला त्याची जाणीवच होईनाशी होते, आणि सुमारे १०० पीपीएमला तर वास येणे बंदच पडते. त्याला तत्काळ उतरवून वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणले. मीटर दुरून तपासले तेव्हा आकडा वीसच्या आसपास होता, म्हणजे जिवावर बेतण्याजोगे नव्हते, तरी तो भाग तीन दिवस उघडा ठेवून नुसता वाऱ्यावर सोडला आणि मगच उचलला. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंग ग्राउंडवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांत संगणकांचे भाग गंजून बंद पडत असल्याच्या बातम्या मी पूर्वी वाचल्या होत्या. त्यामागेही जमिनीतून येणारे असलेच वायू होते, हे मी त्या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसांना सांगितले, आणि त्यानंतर मीटर चार्जिंगला लावण्याची आठवण कोणाला करून द्यावी लागली नाही.

दवाखान्याच्या खुणेपाशी आम्ही हाताने काहीही वेचायचे नाही असे आधीच ठरवले होते. सुया, सलाइनच्या बाटल्या आणि काचेच्या कुप्या दिसताच तेवढा भाग पट्टी लावून बंद केला. हा कचरा जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत येतो आणि तो ट्रॉमेलमध्ये (कचरा चाळणाऱ्या फिरत्या गोल चाळणीत) घातला तर सुया सगळ्या मालात पसरतात. जिल्ह्यासाठी नेमलेल्या सामाईक प्रक्रिया केंद्राशी पत्रव्यवहार करून त्यांची गाडी यायला दोन आठवडे गेले. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तुकडे निघाले ते ॲस्बेस्टॉसचे धरून पाण्याने भिजवले, न फोडता दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधले आणि वेगळे ठेवले. लेबल नसलेला, गंजलेला एक बंद पिंपही निघाला. तो हलवू नये, त्याच्या भोवतालची माती उचलावी आणि तज्ज्ञांना बोलवावे, एवढेच यात करण्यासारखे असते. हे दोन्ही प्रकार शेवटी रांजणगावच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे गेले. वाहतुकीसोबत नमुना १० मधील चलन लागते, त्याच्या प्रती जपून ठेवा.

खोदलेला बाकीचा माल शेजारीच असलेल्या, आमच्या नगरपरिषदेच्याच जागेवर दोन-अडीच मीटर उंचीच्या लांब ढिगांत रचला, त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारले आणि आठवड्याच्या अंतराने उलथवला. तीन-चार वेळा उलथल्यावर तो वाळतो, वास उतरतो आणि मग चाळणीत अडकत नाही. ओला माल थेट ट्रॉमेलमध्ये घालण्याची घाई ठेकेदार करतोच. तेव्हा निविदेतच ओलाव्याची मर्यादा लिहिलेली बरी. चाळल्यावर बारीक माती, दगड-विटा आणि जळण्याजोगे प्लॅस्टिक-कापड असे तीन भाग झाले. जळाऊ भाग सिमेंट कारखान्यात जायचा होता, पण त्याच्या वाहतुकीची स्वतंत्र निविदा अंतिम होण्याआधीच १६ मार्च २०२४ रोजी लोकसभेची आचारसंहिता लागली. सुरू असलेले खोदकाम चालू राहिले. नवीन कार्यादेश मात्र देता येईना, आणि गाठोडी जूनपर्यंत ताडपत्रीखाली पडून राहिली. या मालाला उन्हाळ्यात आग लागण्याची भीती असते, म्हणून गाठोड्यांचे ढीग अंतर ठेवून रचले आणि रात्री दोन पहारेकरी ठेवले, ज्यांचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता.

बारीक माती रस्त्याच्याच भरावात वापरा, असा आग्रह अनेकांनी धरला. दिल्लीच्या अर्बन एक्स्टेन्शन रोड-२ मध्ये आणि अहमदाबाद-धोलेरा द्रुतगती मार्गात जुन्या कचऱ्यातून वेगळा केलेला माल भरावासाठी वापरला गेला आहे, हे खरे आहे. तिथे मालावर प्रक्रिया करून आणि तो तपासून वापरला जातो. आमच्या मातीत सेंद्रिय अंश जास्त निघाला आणि काचेचे बारीक तुकडेही होते. ती जवळच्या बंद खाणीत, वरून मातीचे आवरण घालून भरण्याचा निर्णय घेतला. पैसे थोडे अधिक गेले, पण रस्त्याखाली शंका ठेवण्यापेक्षा ते मला योग्य वाटले. ही माती खत म्हणून शेतकऱ्यांना वाटण्याची कल्पनाही पुढे आली होती, तिला मी लेखी नकार दिला.

तळाला काळे, तेलकट पाणी साचत होते. ते ओढ्यात सोडण्याचा मोह वरच्या मंडळींनाही होतो. आम्ही खड्ड्याच्या एका कोपऱ्यात कुंडी केली आणि पाणी टँकरने मैलाशुद्धीकरण केंद्राकडे नेले, तेही त्यांच्या प्रमुखांची लेखी संमती घेऊन आणि थोडे थोडे. कचरा संपल्यावर मूळ काळी माती लागली तरी तिथेच थांबलो नाही. डागाळलेली फूटभर माती आणखी काढली आणि तळाचे नमुने स्वच्छ आल्यावरच मुरमाचा पहिला थर टाकला. पुढचे काम ओळखीचे होते: २० सेंटिमीटरचे थर, पाणी, दबाई, घनता चाचणी.

आम्ही फक्त रस्त्याच्या रुंदीतला कचरा काढला होता, दोन्ही बाजूंचा तिथेच आहे. त्यातला वायू मोकळ्या मुरमाच्या भरावातून रस्त्याखाली आणि तिथून गटारांच्या व विजेच्या चेंबरमध्ये शिरू शकतो. म्हणून दोन्ही कडांना एचडीपीई या दाट प्लॅस्टिकची जाड शीट उभी लावली, तिच्या बाहेरच्या बाजूला खडीचा चर घेतला आणि त्यात वर उघडणारे पाइप बसवले. हे काम अर्धे झाले आणि जूनचा पाऊस आला. उरलेली साठ-सत्तर मीटर लांबी मातीने झाकून, वरचे पाणी बाजूला वळवून, आम्ही पावसाळाभर थांबलो. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, तरी कार्यादेश जुनाच असल्याने या वेळी काही अडले नाही. मार्च २०२५ मध्ये रस्ता वाहतुकीला खुला झाला.

देयकाच्या वेळी लेखापरीक्षकांनी विचारले की मोजमाप पुस्तिकेतले घनमीटर आणि वजनकाट्यावरचे टन जुळत का नाहीत. खोदताना कचरा ओला असतो, ढिगात वाळून हलका होतो, आणि मोकळा केला की फुगतो, त्यामुळे तिन्ही टप्प्यांवर वेगळे आकडे येणारच. आमच्याकडे खोदण्यापूर्वीचे व नंतरचे तळपातळीचे सर्वेक्षण, प्रत्येक गाडीची काटापावती आणि ओलाव्याच्या चाचण्या तारखेनुसार लावलेल्या होत्या, म्हणून आक्षेप निकाली निघाला. कोणत्या टप्प्यावरच्या मोजमापाने पैसे द्यायचे हे निविदेतच लिहून ठेवा. पाइपांतील वायूचे वाचन अजून दर दोन महिन्यांनी घेतले जाते. त्या नोंदीची एक प्रत आम्ही विद्युत विभागाला आणि एक भुयारी गटाराच्या ठेकेदाराला देतो, कारण तिथली झाकणे उघडून आत उतरणारी माणसे त्यांची आहेत.